दामूच्या खुंट्यांवरची सरकी

दामू गेल्याची बातमी मला मोटारवाल्याने आणून दिली. जळगाव-धुळे रस्त्यावर कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर म्हणजे आम्हा दोघांचा जुना टपालवाला. दामूने दिलेली भरताची वांगी, मी परत पाठवलेली रिकामी पिशवी, इकडचे टोमणे तिकडे आणि तिकडचे इकडे, सगळं तो इमानाने पोचवायचा. त्या दिवशी तो कोर्टाच्या आवारात आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. दामूला तिकडे सगळे नाना म्हणत. मी सवयीने म्हणालो, "काय रे, आज नानांनी काही पाठवलं नाही का?" तो चप्पल काढून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "नाना गयात, वकीलसाहेब." साधा ताप, चार दिवसांत छातीत उतरला, डॉक्टर एरंडोलहून येईपर्यंत सगळं आटोपलं... माझ्यासमोर एक अशील बसला होता. मी त्याचं बोलणं पुढे बराच वेळ ऐकत राहिलो, असं मला नंतर कारकुनाने सांगितलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

दामोदर पाटील हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसेल. तो पुढारी नव्हता, सभेत बोलायला उभा राहिला तर खाली कधी बसायचं हे त्याला कळत नसे, आणि छापून आलेलं त्याच्या नावाचं काही माझ्या पाहण्यात नाही. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या एका खेड्यातला तो शेतकऱ्याचा मुलगा. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्याच सुमारास आम्ही दोघे जन्मलो, तो पूर्वेला आणि मी पश्चिमेला. शिकायला तो धुळ्याला माझ्या वर्गात आला आणि वसतिगृहात राहिला. सरकारने केलेल्या त्या वाटणीवरून आम्ही शाळेत जे भांडायला लागलो ते शेवटपर्यंत भांडत राहिलो. धुळ्याचं पाणी गोड की जळगावचं, पांझरा मोठी की गिरणा, असल्या वादांत आम्ही आयुष्याचा किती वेळ घालवला हे आठवून आता हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून तो चांगल्या रीतीने पास झाला आणि मुंबईत एका विलायती कंपनीत लागला. कंपनीचं नाव इथे घेण्याचं कारण नाही, आम्ही तिला नुसती 'कंपनी' म्हणायचो. तिच्या सूतगिरण्या विलायतेत, कापूसखरेदी अर्ध्या जगात, आणि मिसर देशात कपाशीच्या बियाण्यावर संशोधन करणारी तिची एक प्रयोगशाळा होती. कंपनीने दामूला काही महिने तिथे शिकायला पाठवलं. निघण्याआधी त्याला कोट हवा होता. तो आम्ही धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या शिंप्याकडे शिवला. कापड माझ्या पसंतीचं, करड्या रंगाचं, त्यात तांबड्या रंगाची बारीक चौकट. दामू म्हणाला, "वकील, हे घालून गेलो तर मला बँडवाला समजतील." मी म्हणालो, पश्चिम खानदेशाची अभिरुची तुला नाही कळायची. तो कोट घालून तो मिसर देशात जाऊन आला. बँडवाला समजले की नाही, ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

परत आला तो एक वेड घेऊन. कंपनीला हिंदुस्थानातही तशीच एक प्रयोगशाळा काढायची होती, आणि ती खानदेशात यावी म्हणून दामू हात धुऊन मागे लागला. यात त्याचा स्वार्थ होता आणि तो लपवत नसे. मुंबईत त्याचा जीव रमत नव्हता. सुभद्रावहिनी गावी, शेत गावी, म्हातारे चुलते गावी. दुसरीकडे प्रयोगशाळा निघाली तर कंपनी त्याला तिकडे पाठवणार, म्हणजे गाव सुटलंच. इथे आली तर आपल्याच मातीत, आपल्याच कपाशीवर, शिकल्यासारखं काम करायला मिळेल. "मला दुसरं काही नको रे," तो एकदा म्हणाला. "सकाळी घरची भाकरी खाऊन प्रयोगशाळेत जायचं, एवढंच हवंय." एवढंच म्हणताना त्याचा आवाज असा झाला होता की मला थट्टा सुचली नाही.

एरवी मात्र थट्टेला तोटा नव्हता. माझ्या ओट्यावर बसून तो मला समजावून सांगायचा. "परदेशी कंपनी असली जागा कशी निवडते, माहितेय? आधी म्हणते, कापूस पिकतो तिथे जाऊ. मग म्हणते, शिकलेली माणसं मिळतील तिथे जाऊ. मग म्हणते, आपल्या धंद्यातली गुपितं शेजारच्या कंपनीला कळणार नाहीत अशा ठिकाणी जाऊ. मग नकाशावर रेल्वे बघतात, पाणी बघतात, वीज बघतात. आणि सगळं जमलं की मोठ्या साहेबाच्या मडमेला तिथली हवा मानवते का, ते बघतात." मी म्हणालो, मग धुळ्यालाच आणा की, आमची हवा कुणालाही मानवते. तो म्हणाला, "तुमच्या धुळ्याला गाडी येते ती चाळीसगावहून, वाट वाकडी करून. जळगावला मुंबईची लाइन आहे, सुरतेची आहे. साहेबाला तुझ्याकडे चहाला आणीन, प्रयोगशाळा नाही आणणार."

पण खरी गोष्ट तो मग सांगायचा, थट्टा संपल्यावर, आवाज खाली आणून. मिसर देशातल्या त्याच्या साहेबाने त्याला सांगितलं होतं की चांगला कापूस आता पुष्कळ ठिकाणी पिकतो, त्यासाठी कुणी समुद्र ओलांडून संशोधन करायला जात नाही. आम्ही जातो ते आमच्याजवळ नाही असं काहीतरी जिथे असेल तिथे. आणि खानदेशाजवळ काय आहे, हे दामूला ठाऊक होतं. आमच्याकडे घरोघर जुनी सरकी राखतात. आजोबांनी पेरली ती बापाने पेरली, बापाने पेरली ती मुलाने. त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांतली कपाशीसुद्धा सारखी नसते. एकीचा धागा लांब, एकीला पाऊस हुकला तरी चालतं, एक मर रोगाने उभी वाळते तर शेजारची हिरवीगार राहते. कुठल्या झाडात काय गुण आहे ते ओळखायचं आणि त्यातून नवं बियाणं घडवायचं, तर अशी वेगवेगळी झाडं एका जागी पाहिजेत. दामूने कंपनीला हेच पटवलं. लढाईच्या आधीच्या एका हिवाळ्यात साहेब स्वतः यायला निघाला. त्याला मध्य प्रांतातली एक जागा आणि दक्षिणेतलं एक शहरही पाहायचं होतं. जळगावला त्याने असोद्याकडच्या दोन जमिनी पाहिल्या, त्या त्याला आवडल्या. आता एक दिवस दामूच्या गावी जायचं, घरोघरचा कापूस हातात घेऊन पाहायचा, की झालं.

दामू आधी एकटा गावी जाऊन चुलत्यांना सांगून आला होता. चुलते म्हणजे आबा, गावाचे वडीलधारे, ज्यांच्या शब्दाबाहेर तिथे पान हलत नसे. "आबा, ज्याचा त्याचा कापूस ज्याच्या त्याच्या घरात राहू द्या. साहेब घरोघर येऊन पाहणार." आबा बरं म्हणाले होते. त्यांनी लबाडी केली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दामू मुंबईला गेला आणि गावाने आपल्या पद्धतीने विचार करायला सुरुवात केली.

त्या गावात एक रीत आहे. एखाद्या घरचा पाहुणा त्या घरचा, पण सगळ्या गावाचा पाहुणा आला तर त्याच्यासमोर कुणाचं घर वेगळं दिसू द्यायचं नाही. गावजेवणाला प्रत्येक घरातून दाणे येतात, ते पारावर एकाच राशीत ओततात, आणि एकदा ओतले की कुणी किती आणि कसे आणले याचा उच्चार करायचा नाही. गरिबाची मान खाली जाऊ नये म्हणून कुणा शहाण्या माणसाने कधीतरी घालून दिलेली ही रीत. साहेब येणार म्हटल्यावर गोदामाय नावाची एक म्हातारी विधवा रडत आबांकडे गेली. तिचं शेत गावाच्या टोकाला, खडकाळ. तिचा कापूस आखूड, मळकट, त्यात अवकाळी पावसाने कवडी पडलेली, म्हणजे बोंडं सडून कापूस पिवळा चिकटलेला. "मना कापूस कवडी पडेल शे, आबा. त्या साहेबले कसा दाखाडू?" आबांनी तिला धीर दिला. आणि मग जे आबांनी करायला हवं, गावाने करायला हवं, ते सगळ्यांनी केलं.

साहेब, दामू आणि मी असे तिघे जळगावहून मोटारीने पोचलो. मी वकील म्हणून नव्हे, तमाशा बघायला गेलो होतो. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, हलगी वाजत होती. मारुतीच्या पारापुढे सारवलेल्या अंगणात कापसाचा एक प्रचंड ढीग रचला होता, सगळ्या गावाच्या वेचणीचा. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. शेजारी आबा नव्या फेट्यात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की माझंसुद्धा क्षणभर मन भरून आलं. मग मी दामूकडे पाहिलं. करड्या कोटातला तो माणूस ढिगाकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

साहेब भला माणूस होता. त्याने खिशातून काळ्या मखमलीची एक पट्टी काढली. तिच्यावर कापसाचे तंतू विंचरून ठेवले की लांबी-आखूड डोळ्यांना लगेच दिसते. ढिगाच्या एका बाजूचा पुंजका घेऊन त्याने पाहिला, दुसऱ्या बाजूचा घेतला, तिसरा घेतला. एकेका पुंजक्यात चार-चार शेतांचे तंतू. यातला कुठला कापूस कुणाच्या शेतातला, असं त्याने दामूला विचारलं. दामूने ते आबांना मराठीत विचारलं. आबा हसले. साहेबाच्या अडाणीपणाचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"कोना काय इचारतस, साहेब? बठ्ठा गावना शे."

मला राहवेना. मी तोंड उघडणार, तोच दामूने माझा हात धरला, असा घट्ट की अंगठी रुतली. सगळा गावाचाच आहे, हे आबांचं वाक्य त्याने साहेबाला इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. साहेबाने मान हलवली, मखमलीची पट्टी घडी करून खिशात ठेवली, आणि दोन शब्द बोलला. आबांनी विचारलं, "काय बोलनात? आवडनं का त्यासले?" दामू म्हणाला, "भलतं आवडनं, आबा." वेचण्या संपल्या होत्या, रानात गुरं सोडली होती, शेतात जाऊन पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग पंगत बसली. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत. साहेबाच्या डोळ्यांतून तिखटाने पाणी येत होतं आणि गाव प्रेमाने हसत होतं. दामू वाढत फिरत होता. गोदामायच्या पानात त्याने आग्रह करून दुसऱ्यांदा भाजी वाढली, ते मी पाहिलं.

परतीच्या गाडीसाठी आम्ही जळगाव स्टेशनवर उभे होतो तेव्हा साहेब दामूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या गावात फार एकी आहे, पाटील. दुर्दैवाने माझ्या कामाला तिचा उपयोग नाही." पुढे प्रयोगशाळा दक्षिणेतल्या त्या शहरात निघाली. कंपनीने जी कारणं दिली त्यांत रेल्वे होती, वीज होती, जवळचं कॉलेज होतं. कोर्टात राहून मला एक गोष्ट कळली आहे, निकाल कधीकधी आधी ठरतो आणि कारणं मागून लिहिली जातात. ढिगाचं नाव कुठे नव्हतं. गावाने विचारलं, "कंपनी तठे काबर गई, नाना?" तेव्हा दामूने सांगितलं की साहेबाच्या मडमेला आपला उन्हाळा सोसणार नाही. गावाला ते पटलं. त्या बिचाऱ्या न पाहिलेल्या बाईला आमच्या खानदेशाने कितीतरी दिवस नावं ठेवली.

कंपनीने त्याला दक्षिणेत मोठी जागा देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही, नोकरीच सोडली आणि गावी आला. मला त्याचा संताप आला. मी धुळ्याहून मुद्दाम जाऊन त्याला वाटेल ते बोललो. म्हटलं, ज्या अडाण्यांनी तुझं वाटोळं केलं त्यांच्यातच पुन्हा जाऊन बसतोस. तो बांधावर बसून ऐकत होता. मी दमल्यावर म्हणाला, "वकील, त्यांनी गोदामायची लाज राखली. त्यात चूक काढायची तर कुठून सुरुवात करू, तूच सांग."

मग त्याने आपल्याच शेताच्या एका तुकड्यावर कंपनीचं काम सुरू केलं, कंपनीशिवाय. वेचणी ढिगात गेली तरी पेरणीपुरती जुनी सरकी घरोघर राखलेली होतीच. गावातल्या प्रत्येक घराची सरकी वेगळी लावायची, वेगळी वेचायची, वेगळी ठेवायची. पण सरकी वेगळी द्यायला कुणी तयार होईना. माझी खुजी निघाली तर? शेजाऱ्याच्या ओळीपुढे माझी ओळ मेली तर? आबा तर म्हणाले, हे गावात भांडण लावायचं काम आहे. दामूने यावर जी तोड काढली ती कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील. त्याने घरोघरच्या बायकांना सांगितलं, सरकी द्या, आणि ती ठेवायला आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा द्या. त्याची थैली मी शिवीन. नाव कुठेच लिहिणार नाही, हा शब्द. तुमची थैली तुम्हाला ओळखू येईल आणि मला, तिसऱ्याला नाही. लढाई लागून कापडाचा कंट्रोल आला, नेसायला तुकडा मिळेनासा झाला, तेव्हाही त्या बायकांनी थैली फाटली की नवा तुकडा आणून दिला. दामूच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतीभर खुंट्या मारल्या होत्या आणि त्यांच्यावर या थैल्या टांगलेल्या असत. हिरव्या, जांभळ्या, चटईच्या नक्षीच्या, विटलेल्या, ठिगळाच्या. मी त्या खोलीला 'तुझी विलायती प्रयोगशाळा' म्हणायचो. तो खूश व्हायचा.

मागच्या वर्षी पाऊस लांबला आणि वर मर रोग आला. तुकड्यातल्या ओळींवर ओळी वाळत गेल्या. मी गेलो तेव्हा दामू मला हाताला धरून एका ओळीपाशी घेऊन गेला. ती बुटकी, दिसायला गरीब कपाशी ताठ उभी होती, तिच्यावर बोंडं होती. मी विचारलं, कुणाची? तो म्हणाला, "नाव सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय." पण त्याची नजर गावाच्या टोकाकडे, त्या खडकाळ शेताकडे गेली. साहेबाला हवं होतं ते त्या ढिगात होतं... ढिगाच्या तळाशी कुठेतरी. दामूच्या डोळ्यांत मात्र हळहळ नव्हती, नुसता आनंद होता. आता त्या सरकीचा दुसऱ्या चांगल्या झाडाशी संकर करायचा, आणखी चार-पाच वर्षं, मग सगळ्या गावाला देता येईल, असं तो सांगत होता. आमची ती शेवटची भेट.

दिवसकार्य आटोपल्यावर मी गावी गेलो. वहिनी माजघरात बायकांत बसल्या होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, त्या खोलीचं काय ते तुम्ही बघा." मी मागे गेलो तर दामूचे दोन चुलतभाऊ आधीच तिथे होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खोलीत उंदीर झाले होते, थैल्या कुरतडल्या जात होत्या. सरकी एका कणगीत ओतून वर झाकण घालावं आणि कापडाचे तुकडे बायकांना परत द्यावेत, कापड मिळतंय कुठे, असा त्यांचा सरळ विचार. थैल्या खुंट्यांवरून काढून जमिनीवर टाकल्या होत्या. एकाने पहिल्या थैलीची गाठ सोडली होती. मी 'थांबा' म्हणालो, पण पुढे काय सांगू? कुठली थैली कुणाची, हे ज्याला माहीत होतं तो गेला होता. नाव कुठेच नव्हतं.

दारात काठी वाजली. आबा आले होते. त्यांना आता फारसं दिसत नाही, पण सरकीचा वास आणि माझं 'थांबा' त्यांना पुरलं असावं. ते उंबऱ्यावरच थांबले.

"वतू नका. हाई बठ्ठा गावनं नही. हाई ज्यानं त्यानं शे. येगळं राहू द्या."

आबा थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "त्यानी माले त्या ढिगनं कधी सांगं नही. पन माले समजेल व्हतं." आणि काठी टेकत तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.

मग त्यांनी माजघरातल्या बायकांना हाक मारली. वहिनी सोडून त्या एकेक करून आत आल्या, खाली वाकल्या. कुणी आपल्या लग्नातलं लुगडं ओळखलं, कुणी सासूचं, कुणी मेलेल्या लेकीचं. गोदामाय सगळ्यांच्या शेवटी आली. तिने विटक्या तांबड्या तुकड्याची एक छोटी थैली उचलली, पदराने पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाई मनी शे." इतक्या वर्षांत त्या गावात आपला कापूस असा कुणी सांगितला नव्हता. तिने ती स्वतःच्या हाताने खुंटीवर अडकवली. बाकीच्यांनीही आपापल्या अडकवल्या.

जमिनीवर एक थैली उरली. बायका तिच्याकडे पाहत होत्या, एकमेकींकडे पाहत होत्या, कुणालाही ती ओळखू येईना. मी ती उचलली आणि खिडकीशी नेली. करडं कापड, त्यात तांबड्या रंगाची बारीक चौकट. कोट उंदरांनी खाल्ला, असं तो मला इतकी वर्षं सांगत होता.

"ही कोनी शे, वकीलसाहेब?" आबांनी विचारलं.

"नानांच्या घरची," मी म्हणालो, आणि रिकाम्या राहिलेल्या खुंटीला ती टांगली.